दगडी पुलावर 'मुदत संपली' अशी पाटी लावण्याआधी : बांधकाम अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या जुन्या दगडी पुलांची देखभाल ज्यांच्याकडे आहे, ते सर्व बांधकाम अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,

स.न.वि.वि.

राज्यात कुठेही पूल पडला की 'ब्रिटिशकालीन' पुलांच्या याद्यांची चर्चा सुरू होते. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार माणसे गेली, आणि राज्यभर पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. तपासणी व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण बोलताना लोखंडी, आरसीसी आणि दगडी पूल एकाच तराजूत टाकले जातात आणि निकष एकच उरतो, वय. शंभरी गाठलेल्या दगडी पुलावर 'मुदत संपलेला धोकादायक पूल' अशी पाटी लागते. पाटीखालून वाळूचे डंपर जातच राहतात. जोडीला ती जुनी गोष्ट पुन्हा फिरते, की विलायतेहून पत्र आले आहे आणि पुलाची शंभर वर्षांची हमी संपली आहे. ते पत्र दाखवा म्हटले की कोणाकडेच नसते.

आम्ही दगडी बांधकामाची डागडुजी करणारे अभियंते आणि गवंडी आहोत. आमच्या घरची माणसेही याच पुलांवरून रोज ये-जा करतात. हे पत्र जाहीर लिहितो आहोत, कारण पुलाखाली काय पाहायचे हे तुमच्याइतकेच त्यावरून जाणाऱ्या माणसालाही कळायला हवे.

आधी मुदतीचे. आजच्या संहितांमध्ये, म्हणजे पूल बांधण्याच्या नियमपुस्तकांत, पुलाचे आयुष्य शंभर वर्षे धरतात, ते काँक्रीट आणि पोलाद डोळ्यांसमोर ठेवून. काँक्रीटमधली सळई गंजते, फुगते, वरचे आवरण फोडते. दगडी कमानीत सळईच नसते. घडीव दगड एकमेकांना रेटून उभे असतात, कळीचा दगड दोन्ही अंगांचा रेटा झेलतो आणि तो रेटा कमानीच्या पायथ्यातून पिअरमध्ये, म्हणजे पुलाच्या खांबात, आणि पिअरमधून पायात उतरतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची दाब सोसण्याची ताकद कमानीत प्रत्यक्ष येणाऱ्या दाबाच्या कितीतरी पट असते. दगड भरडून कमान पडली, असे सहसा घडत नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. २००५ मध्ये तिथे कृष्णेचे पाणी ५३ फुटांवर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांवर, आणि पूर ओसरल्यावर पूल होता तिथेच होता. खंडाळ्याचा अमृतांजन पूल १८३० चा म्हणून ओळखला जायचा. ५ एप्रिल २०२० ला तो पाडला तेव्हा सुरुंग लावावे लागले. तो द्रुतगती मार्गाच्या वाटेत येत होता म्हणून पाडला, आणि ते कारण आम्हाला मान्यही आहे.

म्हणून दगडी पूल पडत नाहीत असे नाही. पडतात, आणि पडतात तेव्हा फार वेळ देत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात वाहून गेला. त्याच्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहने गेली. शेजारचा नवा पूल टिकला. त्याच वर्षी मे महिन्यात जुन्या पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात वाहतुकीला धोका आढळला नव्हता, हे तेव्हा विधानसभेत सांगितले गेले. पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला, जून २०१७ मध्ये तो खुला झाला, कौतुकही झाले. आमचे मन मात्र त्या मे महिन्यातल्या पाहणीपाशी अडकले आहे. मे महिन्यात दगडी पुलाकडे पाहून काय दिसते?

फार थोडे दिसते, आणि हीच आमची पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार आहे. पुराचे पाणी पिअरवर आदळले की त्याची धार खाली वळते. पिअरच्या पायथ्याशी घोड्याच्या नालासारखा भोवरा तयार होतो आणि तळाची वाळू, गोटे उपसून काढतो. सगळ्यात खोल खड्डा प्रवाह येतो त्या बाजूच्या टोकाशी पडतो. पूर ओसरायला लागला की वेग मंदावतो आणि वरून वाहत आलेली वाळू त्याच खड्ड्यात बसते. ती सैल असते, पण वरून तळ सपाट आणि शांत दिसतो. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात उभे राहून कोणी फोटो काढला तर पाया शाबूत वाटणारच. पुढच्या पुरात ती सैल वाळू सगळ्यात आधी उठते. पूर तळ किती खोल खरवडेल याचा अंदाज देणारे लेसीचे सूत्र आहे. आपल्याच संहितेत त्या सूत्राने येणारी खरवडीची सरासरी खोली पिअरच्या टोकाशी दुप्पट धरायची असा नियम आहे, आणि ती खोली पुराच्या पातळीपासून खाली मोजायची. सरासरी ६ मीटर आली तर पिअरपाशी १२ मीटर. जुन्या पुलाचा पाया त्याच्या खाली खडकात आहे की गोट्यांवरच थांबला आहे, हे मूळ नकाशात पाहिल्याशिवाय किंवा बोअर घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

हे तपासायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. १६ मिलिमीटरची, अडीच-तीन मीटर लांब सळई घ्यावी आणि पिअरच्या टोकाशी वाळूत सरळ दाबावी. घट्ट तळ असेल तर ती थोड्याच खोलीवर दगडाला लागून टणकन थांबते. खड्डा बुजलेला असेल तर दोन हातांच्या जोराने मीटर-दीड मीटर अशी जाते की धरणारा दचकतो. प्रत्येक पिअरच्या चारही कोपऱ्यांशी आणि वरच्या-खालच्या अंगाला तीन मीटरवर अशी मापे घ्यायची, एकाच कायम खुणेच्या संदर्भाने घ्यायची आणि दरवर्षी त्याच जागी घ्यायची. जिथे बारमाही पाणी आहे तिथे ओळंबा सोडून किंवा होडीवरून ध्वनियंत्राने खोली घ्यावी, आणि संशय आला तर पाणबुड्या उतरवावा. एका वर्षाचे माप एकटे फारसे काही सांगत नाही. पाच वर्षांची मापे शेजारी ठेवली की पात्र खाली चालले आहे का ते लगेच कळते. वाळूउपसा जवळ असेल तर ते खाली जातेच.

पाया उघडा पडला म्हणून एका पिअरभोवती चार ट्रक दगड ओतायचे, हा उपाय आम्ही बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. त्याने त्या गाळ्यातली, म्हणजे दोन पिअरमधल्या मोकळ्या जागेतली, पाण्याची वाट अरुंद होते, शेजारच्या गाळ्यात वेग वाढतो आणि खड्डा तिकडे सरकतो. संरक्षण करायचे तर पुलाच्या पूर्ण रुंदीत तळाला फरसबंदी आणि तिच्या दोन्ही कडांना खोल अडभिंत, असे एकसंध काम हवे.

कमानीचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. पाणी कमानीच्या पायथ्याच्या वर चढले की पुढे प्रत्येक फुटाला वाट निमुळती होत जाते. सपाट स्लॅबच्या पुलाचे तसे नसते. अशा वेळी मुळासकट वाहून आलेले एक झाड आडवे अडकले तर तो गाळा अर्धा बंद. कमानींची रांग एकमेकींच्या रेट्यावर उभी असते. मधला एक पिअर खचला की डाव्या-उजव्या कमानींचा तोल जातो आणि पडझड पुढे पळते. जुन्या बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून लांब पुलांत काही गाळ्यांनंतर एखादा पिअर मुद्दाम जाड ठेवलेला दिसतो.

दुसरी तक्रार सिमेंटच्या दरजांची, म्हणजे दगडांमधले सांधे सिमेंटने भरण्याची. हे पूल चुन्यात बांधलेले आहेत. चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना आणि सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) यांची दरज दगडापेक्षा मऊ असते, किंचित हलते आणि आतली ओल बाहेर सोडते. डागडुजीच्या नावाखाली तिच्यावर सिमेंटचा कडक थर चढवला की ओलीचा रस्ता बंद होतो. रस्त्यावरून त्याखालच्या, कमानीवरच्या भरावात मुरलेले पाणी आतच साठते, चुना विरघळवत खाली येते आणि कमानीच्या पोटाला पांढरे ओघळ, कुठे बोटभर लांब पांढऱ्या कांड्या लोंबू लागतात. ते पांढरे म्हणजे आतून निघून चाललेला चुना आहे. त्यावर रंग मारून भागत नाही. तिथे छोट्या हातोडीने दगडावर टकटक करून पाहावे. भरीव जागी आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी बद्द. सिमेंटची पट्टी अनेकदा बोटाने धरून हातभर सोलून निघते आणि मागे रिकामी फट दिसते.

काम करायचे असेल तर असे करावे. दरज छिन्नीने हाताने खोदावी, रुंदीच्या किमान दुप्पट खोल. ग्राइंडर लावू नये, त्याने दगडाच्या कडा कातरल्या जातात आणि दरज रुंद होते. फट पाण्याने धुऊन ओली ठेवावी. एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी, दीड-दोन भाग धुतलेली वाळू असे मिश्रण साधारण चालते, पण नेमके प्रमाण त्याच पुलाच्या जुन्या दरजेचा नमुना तपासून ठरवावे. मिश्रण थापायचे नसते, दाबून भरायचे असते, आणि ते दगडाच्या तोंडापासून किंचित आत ठेवायचे असते. वर ओले गोणपाट टाकून निदान दोन आठवडे ओल राखावी. हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवायचे. एप्रिल-मेच्या उन्हात चुना सुकतो, धरत नाही, आणि मार्चअखेरच्या घाईत काढलेली कामे नेमकी त्याच उन्हात सापडतात. आत पोकळी असेल तर चुन्याचे पातळ मिश्रण अगदी कमी दाबाने, खालून वर भरत जावे. दाब वाढवला तर बाजूची भिंत पोट काढते.

तिसरी तक्रार डांबराची. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता वर नवा थर टाकला जातो. पुलाचा रस्ता १०० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद धरला आणि थर साचत साचत ३० सेंटिमीटर झाले, तर सुमारे ४१४ टन वजन पुलावर कायमचे बसले. भरलेल्या २५ एस.टी. गाड्यांएवढे. कमानीला सारखे पसरलेले वजन तितके जाचत नाही, पण पायाला ते सोसावे लागते. त्याहून वाईट म्हणजे रस्त्याच्या कडेची निचऱ्याची तोंडे डांबराखाली गाडली जातात. पाणी मग भरावात मुरते, ओला मुरूम बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलतो आणि कमानीच्या कडेला, रस्त्याच्या दिशेने लांब भेग जाते. रस्ता वर आला तेवढा कठडाही बुटका होतो. ९० सेंटिमीटरचा कठडा ६० वर आला तर तो माणसालाही पुरत नाही, गाडी कशी थांबवणार?

कठड्याबद्दल एवढेच सांगतो. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री कोल्हापूरच्या शिवाजी पुलाचा दगडी कठडा तोडून मिनीबस पंचगंगेत कोसळली, १३ जण गेले. शेजारचा पर्यायी पूल तेव्हा परवानगीअभावी अर्धवट उभा होता. चुन्यात रचलेला दगडी कठडा बैलगाडीच्या काळातला आहे, बसची धडक झेलायला तो केलेलाच नाही. तो काढून लोखंडी पाइप लावणे हा उपाय नव्हे. कठड्याच्या आतल्या अंगाला, भरावावर टेकणाऱ्या स्वतंत्र काँक्रीट पट्टीत अडथळा बसवावा, दगडात भोके पाडून नव्हे. जुना कठडा त्याच्या मागे जसाच्या तसा राहू द्यावा.

पिंपळ आणि उंबर यांचे वेगळे सांगायला नको. वरून छाटले की ते दुप्पट फुटतात, ओढून काढले की मूळ दगड घेऊन येते. बुंधा कापून ताज्या कापावर औषध लावावे, मूळ पूर्ण मेल्यावरच ते अलगद काढावे आणि जागा त्याच आठवड्यात चुन्याने बुजवावी. पाण्याच्या नळ्या, केबल आणि रोषणाईचे खिळे यांनाही हाच न्याय लावावा. कठड्याला लटकवलेली गळकी नळी बारा महिने भराव भिजत ठेवते. आणि दगडावर ऑइलपेंट मारू नका. तो ओल कोंडतो, आणि भेग पुढे सरकली तरी दिसू देत नाही.

आता भाराचे. 'जड वाहनांना बंदी' ही पाटी कोणत्या हिशेबावर लावली, हे बहुतेक ठिकाणी कागदावर सापडत नाही. कमानीसाठी आपल्या संहितेतच सोपी रीत दिलेली आहे. कमानीच्या दगडांची माथ्यावरची जाडी आणि त्यावरच्या भरावाची जाडी यांची मीटरमध्ये बेरीज करायची, तिचा वर्ग करून ७४० ने गुणायचे आणि गाळ्याच्या लांबीच्या १.३ घाताने भागायचे. ९ मीटरच्या गाळ्यात ६० सेंटिमीटर दगड आणि ४० सेंटिमीटर भराव असेल तर गाडीच्या आसावरच्या भाराचा पहिला अंदाज सुमारे ४२ टन येतो. मग कमानीचा आकार, दगडाचा प्रकार, दरजांची अवस्था आणि एकूण प्रकृती यांचे गुणक लावायचे. इथेच सगळे ठरते. बाकी गुणक एक धरले आणि प्रकृतीचा गुणक ०.९ मानला तर ३८ टन, ०.४ मानला तर १७. हा आकडा टेबलावर बसून ठरत नाही. कमानीच्या पोटाखाली जाऊन भेगा पाहाव्या लागतात. कडेची लांब भेग बाजूची भिंत सुटत असल्याचे सांगते. पावगाळ्याच्या, म्हणजे गाळ्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या, आसपास आडवी भेग असेल तर कमानीचा आकार बदलतो आहे. कमानीच्या पायथ्यापासून तिरकी वर चढणारी भेग दिसली तर पिअर खचतो आहे असे समजून त्याच दिवशी वाहतूक थांबवावी. आणि हे सूत्र फक्त कमानीपुरते आहे, पिअर आणि पाया त्यात धरलेलेच नाहीत. भाराचा दाखला आला म्हणून पुराचा धोका टळला, असे मानू नका.

आमच्या मागण्या अवघड नाहीत.

प्रत्येक दगडी पुलाच्या पायाची खोलीमापे वर्षातून दोनदा घ्या, पूर ओसरल्यावर लगेच आणि पुन्हा ३१ मेपूर्वी. सळई किंवा ओळंबा न लावता, नुसते डोळ्यांनी पाहून दिलेला 'सुस्थितीत' हा शेरा ग्राह्य धरू नका.

वाहतूक किती पाण्याला थांबवायची, ती पातळी प्रत्येक पुलासाठी ठरवा आणि पिअरवर रंगवा. पावसाळ्यात सांगलीत 'आयर्विनला पाणी किती?' हे पोरासोरांनाही ठाऊक असते. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे सांगणाऱ्याला कागद पाहावा लागत नाही. ती पातळी शहरासाठी आहे. पुलासाठीही तशीच हवी, आणि त्या पातळीला फाटक लावायला रात्री दोन वाजताही कोण येणार त्याचे पद आधीच ठरलेले हवे.

जिथे भार कमी करायचा तिथे पाटीवर विसंबू नका. दोन्ही तोंडांना पावणेतीन मीटर उंचीवर लोखंडी आडवी तुळई लावा, म्हणजे डंपर आणि बस आपोआप अडतील, रिक्षा आणि मोटारी जातील. रुग्णवाहिकेची उंची मात्र आधी मोजा.

डांबर पुढच्या वेळी टाकण्याआधी जुने खरवडून मूळ पातळीला आणा, निचऱ्याची तोंडे उघडा, खाली पाणी अडवणारा थर द्या. चुन्याच्या दरजांचे काम निविदेत स्वतंत्र बाब म्हणून लिहा. 'पॉइंटिंग व रंगरंगोटी' अशा एका ओळीत ते गुंडाळले की शेवटी रंगच होतो.

शेजारी नवा पूल बांधाल तेव्हा त्याचे पिअर जुन्या पिअरच्या ओळीत घ्या. ओळ चुकली की प्रवाह वळतो आणि जुन्याच्या पायाशी नवा खड्डा पाडतो. नवा झाला म्हणून जुना वाऱ्यावर सोडू नका. पुण्यात बंडगार्डनचा १८६९ चा फिट्झगेराल्ड पूल वाहनांसाठी बंद झाला, तरी चालणाऱ्यांसाठी राहिला. तसे इतर ठिकाणीही करता येईल.

अभिलेख कक्षात या पुलांचे मूळ नकाशे घडी घालून पडलेले असतात, काहींच्या घड्या तुटायला आल्या आहेत. ते स्कॅन करा. आणि प्रत्येक पुलाच्या तोंडाशी एक फलक लावा. त्यावर बांधल्याचे वर्ष, गाळे किती, पाया कशावर आहे, खोली शेवटची कधी मोजली आणि किती आली, भार किती चालेल आणि तो कोणी ठरवला, एवढे लिहिलेले असू द्या. 'मुदत संपली' या पाटीच्या जागी हा फलक हवा आहे.

या मापांसाठी सळई धरायला, चुना मळायला आणि शिकवायला आमच्यातले गवंडी आणि अभियंते येतील. पूर ओसरला की कळवा. नोव्हेंबरमध्ये पात्रात उतरता येते.

आपले,
दगडी पुलांची डागडुजी करणारे काही अभियंते आणि गवंडी